मुळांभोवतीचा चिखल : ठाणे खाडीतील गाळ, वनस्पती आणि धातू यांच्या प्रकल्प नोंदी

20 नोव्हेंबर 2023

आज कार्तिक शुद्ध अष्टमी. नोंदवहीत तिथी मुद्दाम लिहिली आहे, कारण खाडीतल्या कामाचे वेळापत्रक तिथीवरच ठरते. आम्हाला होडीतून नेणारे कोळीवाड्यातील काका तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती भरणार आणि बाराच्या सुमारास पाणी ओसरलेले असणार. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी अधिक मागे हटते हे खरे, परंतु मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची ओहोटी सकाळी लवकर आणि संध्याकाळी येते, आणि भर दुपारी पाणी खाजणाच्या माथ्यापर्यंत चढलेले असते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटी सौम्य असण्याच्या, दिवशी मात्र दुपारी तीन-चार तास सलग काम करता येते आणि वरच्या पट्ट्यापर्यंत पाणी पोहोचतच नाही.

जागा ठरली आहे. ठाणे खाडीच्या पश्चिम काठावर, भांडुपच्या मिठागरांच्या पलीकडे, काठावरून पाण्याकडे जाणारी एक सरळ रेघ आम्ही आखली आहे. वनविभागाची लेखी परवानगी फाईलला लावली आहे. ही खाडी सुमारे 26 किलोमीटर लांब असून तिच्या पूर्व काठावर 1960च्या दशकापासून ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा वाढत गेला. 2015 साली खाडीचा काही भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि 2022 साली खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. कारखान्यांचे सांडपाणी, शहराचा मैला आणि रस्त्यांवरून वाहून येणारी धूळ यांतून आलेले जस्त, तांबे, शिसे, क्रोमियम, निकेल आणि कॅडमियम पाण्यात फार काळ राहत नाहीत. ते बारीक कणांना चिकटतात आणि कणांबरोबर तळाशी बसतात. म्हणून खाडीच्या पाण्याचा नमुना त्या दिवसाची स्थिती सांगतो आणि गाळाचा नमुना अनेक वर्षांची.

रेघेवर तीन पट्टे निवडले. सर्वांत खाली, पाण्यालगत, झाडे नसलेला उघडा चिखल. त्याच्या वर तिवर, म्हणजे अविसेनिया मरिना, आणि त्याच्या सावलीत मधूनमधून काटेरी पानांची मारांडी. सर्वांत वर, जिथे केवळ उधाणाचे पाणी चढते, तिथे मोरस, म्हणजे सुएडा, आणि जमिनीलगत पसरणारे इल्युरोपस जातीचे खारे गवत. मंजूर झालेल्या प्रस्तावातील प्रश्न साधा आहे : यांपैकी कोणती वनस्पती किती धातू शोषून घेते?

प्रत्येक पट्ट्यातून अॅक्रिलिकच्या चार नळ्या घेतल्या. पोलादी नळी वापरायची नाही, कारण तिच्यातूनच क्रोमियम आणि निकेल नमुन्यात उतरतात. नळी चिखलात घालणे सोपे असते. वरचे तोंड रबरी बुचाने घट्ट बंद करून आतला चिखल न सांडता बाहेर काढणे अवघड. तिवराच्या पट्ट्यात चारपैकी दोन नळ्या जाड मुळावर अडल्या आणि पुन्हा घ्याव्या लागल्या.

22 नोव्हेंबर 2023

नळ्या उभ्या चिरल्या. आज जे दिसले ते सविस्तर लिहून ठेवणे आवश्यक वाटते.

उघड्या चिखलाची नळी वरून जेमतेम नखभर जाडीची तपकिरी होती आणि त्याखाली एकसारखी काळी. वास कुजक्या अंड्यांचा. तिवराच्या नळीत हीच काळी पार्श्वभूमी होती, परंतु तिच्यात गंजलेल्या लोखंडाच्या रंगाच्या बारीक रेघा उभ्या-आडव्या गेलेल्या होत्या. चिनी मातीच्या सुरीने एका रेघेच्या कडेने चिखल दूर केला तेव्हा आत केसाहून थोडे जाड मूळ निघाले. मुळावर तांबूस लेप होता, लेपाभोवती दोन-तीन मिलिमीटरचे फिकट तपकिरी वलय होते आणि वलयाच्या बाहेर लगेच काळा चिखल सुरू होत होता. भिंगाखाली ही सीमा आखल्यासारखी स्पष्ट दिसत होती. टेबलावर नळी उघडी राहिली तशी अर्ध्या तासात काळा रंग कडेने फिका पडू लागला, म्हणून उरलेल्या नळ्या नायट्रोजन भरलेल्या पिशवीत ठेवूनच चिरल्या.

या रंगांचा अर्थ असा. भरतीच्या पाण्यात सल्फेट भरपूर असते. चिखलात ऑक्सिजन संपल्यावर तिथले जिवाणू श्वसनासाठी सल्फेट वापरतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो लोहाशी जोडला गेला की काळे लोह सल्फाइड बनते, आणि जस्त, शिसे, कॅडमियम, तांबे यांचीही सल्फाइडे बनतात, जी पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. काळा, दुर्गंधीयुक्त चिखल ही म्हणूनच धातूंची एक प्रकारची तिजोरी आहे, आणि तिला कुलूप आहे ते ऑक्सिजनच्या अभावाचे.

झाडाला मात्र मुळांसाठी ऑक्सिजन हवा असतो. तिवराची श्वसनमुळे चिखलातून वर डोकावतात आणि हवा आतल्या पोकळ ऊतींमधून खालच्या बारीक मुळांपर्यंत जाते. त्यातला काही ऑक्सिजन मुळाच्या त्वचेतून बाहेर झिरपतो. बाहेर विरघळलेल्या स्वरूपात असलेले लोह त्याच्या संपर्कात येताच गंजते आणि मुळावर लेप बनून बसते. लोहाच्या या लेपाला जस्त, शिसे, आर्सेनिक हे धरून ठेवण्याची मोठी क्षमता असते. म्हणजे मुळाने एकाच वेळी सल्फाइडची तिजोरी उघडली आणि शेजारी लोहाच्या गंजाची दुसरी तिजोरी उभी केली. सुटलेल्या धातूंपैकी किती या दुसऱ्या तिजोरीत गेले, किती मुळात शिरले आणि किती भरतीच्या पाण्याबरोबर निघून गेले, हे त्या दोन-तीन मिलिमीटरच्या वलयात ठरते.

प्रस्तावात या वलयाचा उल्लेखही नाही.

5 डिसेंबर 2023

दुसरी फेरी. उघड्या पट्ट्याला आम्ही कागदावर ‘वनस्पतिविरहित नियंत्रण’, म्हणजे तुलनेसाठीची झाडे नसलेली जागा, म्हटले आहे, परंतु जवळून पाहिल्यास तो निर्जीव नाही. पृष्ठभागावर सूक्ष्म शैवालांची सोनेरी-तपकिरी साय आहे. निवटी हे चिखलातले छोटे मासे उड्या मारतात. एक नांगी अवाढव्य असलेल्या फिडलर खेकड्यांची बिळे हाताहाताच्या अंतरावर आहेत, आणि एका बिळाचा उभा छेद घेतला तेव्हा त्याच्या भिंतीलाही तसाच तांबूस लेप दिसला, कारण बिळातून हवा आणि भरतीचे पाणी आत जाते. नियंत्रणाच्या नळ्या यापुढे बिळांपासून निश्चित अंतर ठेवूनच घ्यायच्या आणि अंतर नोंदवायचे. मागच्या फेरीतील एक नळी या कारणाने बाद केली.

पलीकडे पाण्यात रोहित पक्षी माना खाली घालून चिखल गाळत होते. ते जे गाळतात त्याच चिखलाचा आम्ही अभ्यास करत आहोत, हे कामाच्या घाईत विसरायला होते. आज विसरायला झाले नाही.

मोरसाच्या पट्ट्यातील नळ्यांत काळा थर बराच खाली आहे, वरचा भाग ओलसर तपकिरी आणि मिठाचे कण असलेला. तिथे मुळांवर लेप क्वचितच दिसतो, आणि ते समजण्याजोगे आहे, कारण तिथे मुळांना ऑक्सिजन वाहून न्यावा लागत नाही. दोन उधाणांच्या मधल्या दिवसांत जमीन आपोआप सुकते आणि हवा आत शिरते. तेव्हा तिवराबद्दल जे म्हणता येईल ते मोरसाबद्दल तसेच्या तसे म्हणता येणार नाही.

19 डिसेंबर 2023

वाचनाचे दिवस. या विषयावर सर्वांत तपशीलवार काम पोर्तुगालमध्ये, लिस्बनजवळच्या टॅगस नदीमुखात झाले आहे. तिथल्या खाऱ्या दलदलीत सर्वांत खाली स्पार्टिना मॅरिटिमा हे गवत, ओहोळांच्या काठाने हॅलिमिओने हे राखाडी पानांचे झुडूप आणि वर सार्कोकॉर्निया ही मांसल वनस्पती असते; आपल्या तिवर-मोरसासारखीच उंचीनुसार रचना, फक्त जाती वेगळ्या. स्पार्टिनाच्या मुळांभोवती लोहाच्या संयुगांच्या पोकळ नळ्या तयार होतात आणि त्यांत धातूंचे प्रमाण भोवतालच्या गाळापेक्षा खूप जास्त असते, हे तिथल्या संशोधकांनी 1990 साली प्रसिद्ध केले. मूळ मरून कुजून गेले तरी ही नळी काही काळ गाळात शाबूत राहते. आपल्या नळ्यांमध्येही आत मूळ नसलेली दोन पोकळ तांबूस आवरणे सापडली होती. ती मी दगड समजून बाजूला काढली होती. कचऱ्याच्या पिशवीतून ती परत मिळाली आहेत.

अमेरिकेत न्यू जर्सीच्या दलदलींमध्ये दुसरी बाजू पुढे आली. तिथले मूळचे गवत स्पार्टिना अल्टर्निफ्लोरा आणि त्याची जागा घेत चाललेला फ्रॅग्मायटिस नावाचा नळ, म्हणजे उंच वाढणारे दुसरे गवत, यांची तुलना केली असता, नळ धातू मुख्यतः जमिनीखालच्या भागांत ठेवतो आणि स्पार्टिना त्यांतील जास्त वाटा पानांपर्यंत नेते, असे दिसले. पाने मिठाबरोबर काही धातू बाहेर टाकतात आणि पाने गळून कुजली की उरलेले धातू खाद्यसाखळीत जातात. म्हणजे जी वनस्पती अधिक शोषते, ती या दृष्टीने अधिक उपयुक्त ठरत नाही. उलट गाळात पुरलेला धातू तीच वर आणून मोकळा करते.

मार्गदर्शक मॅडमशी आज दीड तास चर्चा झाली. धातू हा मूलद्रव्य आहे, तो कुजत नाही, जळत नाही आणि नाहीसा होत नाही. त्यामुळे ‘वनस्पती किती शोषते’ हा प्रश्न अपुरा आहे, आणि ‘वनस्पतीच्या असण्याने धातू कोणत्या रूपात आणि कुठे राहतो’ हा खरा प्रश्न आहे, यावर आमचे एकमत झाले. प्रकल्पाचा उद्देश बदलून लिहिण्याचे ठरले. मॅडम म्हणाल्या, “पानांची यादी करून प्रबंध होईल, पण खाडीबद्दल त्यातून काहीच कळणार नाही.” उद्यापासून प्रत्येक नळीचे तीन भाग करायचे : मुळावरचा लेप, मुळाभोवतीचे वलय आणि त्याबाहेरचा चिखल.

8 जानेवारी 2024

कणांच्या आकाराचे काम संपले. चाळणी 63 मायक्रॉनची. हे काम कंटाळवाणे असले तरी ते वगळले असते तर पुढचे सर्व निष्कर्ष चुकीचे ठरले असते. झाडांच्या बुंध्यांमुळे आणि श्वसनमुळांमुळे भरतीच्या पाण्याचा वेग मंदावतो, मंद पाण्यातून बारीक माती खाली बसते, आणि धातू बारीक मातीलाच अधिक चिकटतात. म्हणून झाडीतील गाळात धातू जास्त आढळले तर त्याचे श्रेय मुळांना देण्याआधी तो गाळ केवळ बारीक आहे म्हणून तसे दिसते का, हे तपासावे लागते. त्यासाठी प्रत्येक धातूचे अॅल्युमिनियमशी गुणोत्तर काढायचे, कारण अॅल्युमिनियम चिकणमातीच्या रचनेतच असते आणि प्रदूषणातून त्यात पडणारी भर तुलनेने नगण्य असते.

दुसरी दक्षता आपल्या भूमीची आहे. खाडीत येणारी माती दख्खनच्या बेसॉल्टची झीज होऊन आलेली आहे आणि या खडकात लोह, टायटॅनियम, तांबे हे मुळातच जास्त असतात. जगभर वापरली जाणारी शेल या गाळाच्या खडकाची सरासरी पार्श्वभूमी-मूल्ये, म्हणजे प्रदूषण नसतानाची धातूंची पातळी, इथे लावली तर कारखान्यांचा काहीही संबंध नसलेला सह्याद्रीचा गाळही ‘प्रदूषित’ ठरेल. म्हणून पार्श्वभूमी म्हणून आमच्याच सर्वांत लांब नळीचा तळाचा, उद्योगांपूर्वीचा वाटणारा थर घ्यायचा, आणि तो खरोखर तितका जुना आहे का याची स्वतंत्र खातरजमा करायची. तोपर्यंत ‘प्रदूषण निर्देशांक’ हा शब्द अहवालात वापरणार नाही.

18 जानेवारी 2024

पानांची फेरी. सकाळच्या उन्हात तिवराचे पान तिरके धरले की वरच्या बाजूला मिठाचे स्फटिक चमकतात. जिभेला लावले तर खारट लागते आणि बोटावर घासले तर बारीक रवा हाताला लागतो. हे मीठ पानातील क्षारग्रंथींतून बाहेर आलेले असते. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या परिसरात याच जातीच्या तिवरावर झालेल्या अभ्यासात या ग्रंथींमधून मिठाबरोबर जस्त आणि तांबेही बाहेर पडतात असे आढळले आहे. खारे गवत आणि मारांडी यांच्यातही क्षारग्रंथी असतात. मोरसाला त्या नाहीत. ती मीठ आपल्या मांसल पानांतच साठवते आणि हिवाळ्यानंतर लालसर-जांभळी पडून पाने गाळते. एक वनस्पती रोज थोडे थोडे टाकते आणि दुसरी हंगामाच्या शेवटी एकदम टाकते. पावसाळ्याआधी किती आणि पावसाळ्यानंतर किती हे वेगवेगळे मोजायला हवे, हे यावरून ठरले.

अडचण धुण्याची आहे. पान धुतले नाही तर त्यावर उडालेला चिखल पानातील धातू म्हणून मोजला जातो. धुतले तर ग्रंथींतून आलेले धातू वाहून जातात. तोडगा म्हणून प्रत्येक झाडाच्या पानांचे दोन संच केले. पहिल्याचे धुतलेले पाणी जपून ठेवले आणि त्यात अॅल्युमिनियम किती आहे ते बघायचे ठरवले. अॅल्युमिनियम जास्त असेल तर तो चिखल. नसेल आणि तरीही जस्त असेल तर ते पानातून आलेले.

6 फेब्रुवारी 2024

पाच दिवस गेले. घडले ते क्रमाने लिहिते, म्हणजे पुढे या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कोणाला तरी उपयोग होईल.

मुळांवरचा लोहलेप सोडवण्यासाठी डायथायोनाइट-सायट्रेट-बायकार्बोनेट ही प्रचलित पद्धत घेतली. सोडियम सायट्रेट 0.03 मोलर, सोडियम बायकार्बोनेट 0.125 मोलर आणि त्यात ऐनवेळी घातलेले सोडियम डायथायोनाइट. मुळे या द्रावणात तासभर ठेवली की तांबूस लेप विरघळतो आणि मुळे पांढरी निघतात. तिवराची मुळे पांढरी होताना पाहणे फार समाधानकारक होते. पहिली बॅच यंत्रावर गेली आणि लेपातील जस्त अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त आले. त्या संध्याकाळी मी ‘लेपात जस्ताचा मोठा साठा’ असे वाक्य टिपणात लिहिलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी कोऱ्या नमुन्यांचे आकडे पाहिले. कोरा नमुना म्हणजे मूळ न घालता, बाकी सर्व रसायने तशीच घालून केलेला. त्यातही जस्त जवळजवळ तितकेच होते. प्रथम पाण्यावर संशय घेतला, मग बाटल्यांवर. सर्व बाटल्या पुन्हा 10 टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर ठेवल्या. फरक पडला नाही. मग प्रत्येक रसायन वेगळे तपासले. सायट्रेट स्वच्छ, बायकार्बोनेट स्वच्छ, आणि डायथायोनाइटच्या बाटलीत जस्त. कारण उत्पादनपद्धतीत आहे : हे रसायन, जे कापडरंगाईत हायड्रोसल्फाइट म्हणून ओळखले जाते, ते बनवण्याची एक जुनी पद्धत जस्ताच्या भुकटीवर सल्फर डायऑक्साइडची क्रिया करण्याची आहे, आणि त्या जस्ताचा अंश अंतिम पदार्थात राहू शकतो. बाटलीवरची शुद्धतेची टक्केवारी योग्यच असेल. परंतु आम्ही ज्या पातळीवर मोजतो त्या पातळीवर उरलेल्या अंशातील जस्तही पुष्कळ असते.

ते वाक्य खोडले. वेगळ्या पद्धतीने बनलेले, जस्ताची मर्यादा छापलेले डायथायोनाइट मागवले आहे. तोपर्यंत लेपातील लोह, मँगनीज आणि शिसे यांचेच आकडे ग्राह्य धरायचे. कोरा नमुना न करता हे काम झाले असते तर रसायनाच्या बाटलीतले जस्त आम्ही ठाणे खाडीच्या माथी मारले असते, ही जाणीव बराच वेळ मनातून गेली नाही.

20 फेब्रुवारी 2024

आज आणखी एक तसलाच धोका वेळेवर लक्षात आला. आमचे यंत्र प्रत्येक धातू त्याच्या अणूच्या वस्तुमानावरून ओळखते, आणि पानांच्या द्रावणात तांबे वस्तुमान 63 वर मोजत होतो. खाऱ्या वनस्पतींच्या पानांत सोडियम प्रचंड असते, आणि यंत्रातील प्लाझ्मा आर्गॉन वायूचा असतो. आर्गॉनचे 40 आणि सोडियमचे 23 मिळून 63 होतात, म्हणजे हा जोडकण तांबे म्हणून मोजला जातो. म्हणून तांबे 65 या दुसऱ्या समस्थानिकावरही मोजले. दोन्ही उत्तरे जुळली तर विश्वास ठेवायचा. मोरसाच्या पानांत ती जुळली नाहीत, तिवराच्या मुळांत जुळली. आर्सेनिकची अडचण अधिक कठीण आहे, कारण आर्गॉन 40 आणि क्लोरीन 35 मिळून 75 होतात आणि आर्सेनिकला 75 खेरीज दुसरे स्थिर समस्थानिकच नाही. तिथे हेलियम वायूच्या कक्षेतून गाळूनच मोजावे लागेल. खाऱ्या वनस्पतींत तांबे व आर्सेनिक ‘भरपूर’ आढळल्याचे यापुढे कुठेही वाचले तर आधी पद्धतीचा परिच्छेद पाहायचा.

14 मार्च 2024

आमच्या रेघेच्या उत्तरेला एके ठिकाणी मातीचा भराव पडल्यामुळे भरतीचे पाणी आत येणे थांबले आहे. तिथले तिवर उभेच वाळले आहेत. खोडे राखाडी, श्वसनमुळे हाताने मोडली तर काड्यांसारखी मोडतात, आणि चिखलाला तळहात शिरेल एवढ्या भेगा गेल्या आहेत. भेगांच्या कडा गंजाच्या रंगाच्या आहेत. काका म्हणाले, “ताई, पाणी अडलं की तिवर एका पावसाळ्याचंही सोबती राहत नाय.” हा तुकडा प्रकल्पात नव्हता, परंतु तिथे नळी न घेणे मला योग्य वाटले नाही.

प्रयोगशाळेत गेले तीन आठवडे चाललेल्या चाचणीशी याचा थेट संबंध आहे. काळा चिखल दोन उथळ ट्रेमध्ये पसरून तो ओला-कोरडा करत ठेवला आणि दर आठवड्याला सामू पाहिला. सल्फाइड हवेत ऑक्सिडीकृत होते तेव्हा त्यातून सल्फ्युरिक आम्ल तयार होते, आणि आम्लात धातू सुटे होतात. तिवराच्या मुळांजवळच्या चिखलाच्या ट्रेमध्ये सामू स्पष्टपणे उतरत गेला. उघड्या चिखलाच्या ट्रेमध्ये तो जवळजवळ हलला नाही. या फरकाचे कारण मी मुळांत शोधत होते. ट्रे रिकामा करताना ते हाताला लागले. उघड्या चिखलात शिंपल्यांचा चुरा भरपूर आहे आणि शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, जो आम्ल शोषून घेतो. तिवराच्या चिखलात शिंपले नगण्य होते. आता दोन्ही चिखलांतील कार्बोनेट मोजून मगच तुलना करायची.

जिवंत झाड मुळाभोवती जे ऑक्सिडीकरण करते ते दोन-तीन मिलिमीटरपुरते असते आणि त्याच्या शेजारी काळा चिखल अबाधित राहतो. पाणी अडवल्यावर संपूर्ण थर एकाच वेळी हवेला उघडा पडतो. दोन्हींना रसायनशास्त्रात एकच नाव असले तरी खाडीच्या दृष्टीने त्यांत फार मोठे अंतर आहे.

12 एप्रिल 2024

पाऱ्याचा समावेश करावा अशी सूचना आढावा बैठकीत आली. सूचना रास्त आहे, परंतु आतापर्यंतचे नमुने 60 अंशांवर वाळवले आहेत आणि पारा उडून जाण्याची शक्यता असल्यामुळे ते यासाठी वापरता येणार नाहीत. शिवाय एकूण पारा मोजून भागत नाही. सल्फेट वापरणारे जे जिवाणू जस्त-शिशाला सल्फाइडमध्ये बांधतात, त्यांच्यापैकीच काही पाऱ्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात, आणि तो माशांच्या शरीरात साठत जातो. जपानमधील मिनामाटा येथे 1956 साली अधिकृतपणे नोंदला गेलेला आजार याच मिथाइल पाऱ्याचा होता. मुळांतून झिरपणारे सेंद्रिय पदार्थ या जिवाणूंचे खाद्य असतात, म्हणजे शिशासाठी सुरक्षित ठरणारी जागा पाऱ्यासाठी तशी ठरेलच असे नाही. पुढील टप्प्यात गोठवून वाळवलेले स्वतंत्र नमुने घेऊ. या टप्प्यात पारा नाही, असे अहवालात स्पष्ट लिहायचे.

30 मे 2024

पावसाळ्यापूर्वीची शेवटची फेरी. उष्मा असह्य होता आणि मोरस जवळजवळ पूर्ण लाल झाली आहे. चिमटीत पान धरले की पाणीदार दाण्यासारखे फुटते. गळलेली पाने नायलॉनच्या जाळीच्या 24 पिशव्यांत भरून तिवराच्या पट्ट्यात चिखलावर दोरीने बांधली. पाने कुजताना वस्तुमान घटते, परंतु कुजणारा चोथा भोवतालच्या पाण्यातून धातू धरू लागतो आणि त्यातील धातूंचे प्रमाण वाढू शकते, असे इतर ठिकाणच्या दलदलींत दिसले आहे. हाच चोथा खेकडे आणि निवट्या खातात, म्हणून हिरव्या पानापेक्षा तोच अधिक महत्त्वाचा आहे. पहिल्या आठ पिशव्या जुलैच्या भांगाला काढायच्या.

काल एका निसर्गशिक्षण उपक्रमाकडून फलकासाठी मजकूर तपासायला आला होता. त्यात लिहिले होते : ‘तिवर विषारी धातू शोषून घेऊन खाडीचे पाणी शुद्ध करते.’ मजकूर लिहिणाऱ्यांची तळमळ खरी आहे आणि तिवर वाचावे हीच त्यांची इच्छा आहे. तरीही हे वाक्य तसेच राहिले तर उद्या कोणीही म्हणेल की, झाडे आहेतच, मग सांडपाणी सोडायला हरकत काय. किंवा धातू शोषलेली झाडे तोडून नेली की खाडी स्वच्छ होईल, असेही कोणाला वाटेल, आणि तोडणीत नेमकी तीच मुळे मरतील ज्यांच्याभोवती लेप बसला आहे. मी बदलून पाठवलेला मजकूर असा : ‘तिवराची मुळे खाडीचा गाळ जागच्या जागी धरून ठेवतात. या गाळात गेल्या अनेक दशकांत साठलेले धातू आहेत. भरतीचे पाणी येत राहिले आणि झाडे जिवंत राहिली, तर त्यांतील बराचसा भाग गाळातच बांधलेला राहतो.’ त्यांनी तो मान्य केला, आणि ‘बराचसा’ ऐवजी ‘सर्व’ लिहावे का असे विचारले. मी नको म्हणाले.

7 जून 2024

नवे डायथायोनाइट आले. कोऱ्या नमुन्यात जस्त यंत्राच्या मापनमर्यादेखाली. फेब्रुवारीतील लेपांचे उरलेले अर्धे भाग गोठवून ठेवले होते, त्यांवर सोमवारपासून पुन्हा काम सुरू. ती दोन पोकळ तांबूस आवरणे अद्याप फोडलेली नाहीत. ती आडवी कापून बाहेरून आतपर्यंत धातू कसा बदलतो ते पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शकाची वेळ मागितली आहे.

काकांशी फोनवर बोलणे झाले. पावसात होडी वर ओढलेली असते, त्यामुळे जुलैच्या पिशव्या काठाकडून चिखलातून चालत जाऊनच काढाव्या लागतील. त्यासाठी फळ्या लागतील. नळ्यांची पुढची पूर्ण फेरी पाऊस ओसरल्यावर. 24 ऑक्टोबरला अष्टमी आहे, सहाला भरती आणि बाराला ओहोटी.